मोबाइलधारकाचा ठावठिकाणा : लपला किती, हे कोणत्या पट्टीने मोजायचे?

एखादी राशी मोजता येऊ लागली की तिच्याविषयीची चर्चा बदलते. ‘आज फार उकडते आहे’ यावर दोघांचा वाद होऊ शकतो. ‘आज ४१ अंश तापमान आहे’ यावर होत नाही. खासगीपणा ही मात्र आजवर न मोजता बोलण्याची गोष्ट राहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला. पण अधिकार किती शाबूत राहिला आणि किती गेला, हे सांगणारे माप कायद्याच्या पुस्तकात नसते. ते शोधण्याचे काम गेली वीस-बावीस वर्षे संगणकशास्त्रज्ञ करीत आहेत. मोबाइलमुळे कळणाऱ्या ठावठिकाण्यापुरते पाहिले, तर या प्रयत्नांत २०११ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध पायाभूत मानला जातो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे काम करणारे रेझा शोक्री आणि त्यांचे सहकारी जॉर्ज थिओडोराकोपुलोस, ज्याँ-इव्ह ले बुदेक व ज्याँ-पिएर उबो यांनी तो लिहिला. ‘क्वांटिफाइंग लोकेशन प्रायव्हसी’ हे त्याचे शीर्षक.

या निबंधाने आधीच्या मोजपट्ट्या मोडीत काढून स्वतःची नवी पट्टी पुढे ठेवली. ती कितपत खरी आहे, याचे परीक्षण येथे करावयाचे आहे. परीक्षेसाठी प्रदेश घेतला आहे तो अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. या पट्ट्या बहुतांशी परदेशी शहरांत तयार झाल्या. पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर, उत्तरेस पाटपाण्याचा उसाचा पट्टा आणि दक्षिणेस अवर्षणप्रवण माळ असलेल्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्यात त्या लागू पडतात का, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

मोजायचे काय?

मोबाइलला आपले ठिकाण तीन मार्गांनी कळते : उपग्रहांच्या संदेशांवरून, आसपासच्या वाय-फाय यंत्रांवरून आणि ज्या मनोऱ्याशी जोडणी झाली त्यावरून. मोकळ्या आकाशाखाली उपग्रहांच्या साहाय्याने काही मीटरपर्यंत अचूक ठिकाण मिळते. मनोऱ्यावरून मिळणारे ठिकाण बरेच ढोबळ असते. मार्ग कोणताही असो, तयार होणारी नोंद एकाच साच्याची असते : कोण, कोठे, केव्हा. अशी एक नोंद फारसे काही सांगत नाही. नोंदींची मालिका मात्र पुष्कळ सांगते.

याचे एक उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढण्यात आला. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाचा भाग म्हणून त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. पट्ट्याकडून ठरावीक वेळाने फक्त ठिकाणे येत होती. तेवढ्यावरून तो महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत, वस्त्यांच्या कडेकडेने सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला, हे समजले. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. त्याला कोणी काही विचारले नव्हते, त्याचे छायाचित्र कोणी रोज घेत नव्हते. काही बिंदू आणि त्यांच्या वेळा, एवढ्यातून त्याची चाल, विश्रांती आणि ओढ कळली. मोबाइलधारक माणसाबाबतही हेच घडते. फरक इतकाच की त्याच्या नोंदी कितीतरी अधिक असतात.

किती अधिक? २ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेले ‘आरोग्य सेतू’ हे अॅप आठवा. त्याच्या जाहीर धोरणाप्रमाणे ते दर १५ मिनिटांनी ठिकाणाची नोंद करून ती फोनमध्येच साठवीत असे आणि केंद्राकडे न पाठविलेली नोंद ३० दिवसांनी पुसून टाकीत असे. १५ मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला ९६ आणि ३० दिवसांत २,८८० नोंदी. आता यापुढे दुसरा आकडा ठेवू. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांद्र द माँजॉय व सहकाऱ्यांनी एका युरोपीय देशातील १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावे काढून टाकलेली होती. ठिकाण मनोऱ्याइतके ढोबळ आणि वेळ तासाइतकी ढोबळ होती. तरीही कोणत्याही चार नोंदी घेतल्या, तर ९५ टक्के माणसे इतर सर्वांपासून वेगळी निघत. ठिकाण किंवा वेळ आणखी ढोबळ केली तरी हे वेगळेपण फार सावकाश कमी होते, असेही त्यांना आढळले.

वेगळे निघणे आणि नाव कळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे लक्षात ठेवावे. चार नोंदींनी माणूस गर्दीतून बाजूला निघतो. त्याचे नाव कळायला त्या चार नोंदी कोणाला तरी अन्य मार्गाने माहीत असाव्या लागतात. शहरात तशा त्या सहसा नसतात. गावात मात्र शेजाऱ्याच्या चार वेळा आणि चार जागा ठाऊक नसलेला माणूस विरळा! या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

पहिली पट्टी : गर्दी

सर्वांत जुनी पट्टी गर्दीची. लटान्या स्वीनी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार, एखादी नोंद किमान ‘के’ इतक्या व्यक्तींपैकी कोणाचीही असू शकत असेल, तर ती ‘के’ इतकी निनावी झाली. ‘के’ म्हणजे एक पूर्ण संख्या. मार्को ग्रुटेसर आणि डर्क ग्रुनवाल्ड यांनी २००३ मध्ये ही कल्पना ठिकाणांना लावली : फोनचे नेमके ठिकाण सांगण्याऐवजी ज्यात ‘के’ माणसे मावतील एवढा प्रदेश सांगावा. कल्पना सोपी आहे, वर्गात पाच मिनिटांत समजावता येते. म्हणूनच ती लोकप्रिय झाली.

आता ती आपल्या जिल्ह्यात लावून पाहू. अँड्रॉइडच्या २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून अॅपला नेमके ठिकाण द्यायचे की अंदाजे, हे वापरणाऱ्याला निवडता येते. अंदाजे ठिकाण सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या आत असते. २०११ च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ आणि क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. म्हणजे घनता चौरस किलोमीटरला २६६. मुंबई उपनगर जिल्ह्यात त्याच वेळी ४४६ चौरस किलोमीटरमध्ये ९३,५६,९६२ लोक होते. घनता सुमारे २०,९८०. तेव्हा ३ चौरस किलोमीटरच्या आडोशाला मुंबई उपनगरात सुमारे ६३,००० माणसे येतात आणि नगर जिल्ह्यात सुमारे ८००. समजा, दर शंभरातील एक जण ते विशिष्ट अॅप वापरतो. मग ‘के’ची किंमत मुंबईत ६३० आणि नगरमध्ये ८. ही झाली जिल्ह्याची सरासरी. शहरे आणि बाजाराची गावे वगळून अकोल्याच्या डोंगराळ वाड्यांचा विचार केला, तर ‘के’ एकवर यायला वेळ लागणार नाही. फोनमधले बटण तेच, त्यावरचा शब्दही तोच. संरक्षण मात्र ऐंशी पटींनी कमी.

यावर उपाय म्हणून प्रदेश वाढवावा, असे कोणी म्हणेल. ‘के’ ६३० हवा असेल तर नगर जिल्ह्यात सुमारे २३७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सांगावे लागेल. एवढ्या ढोबळ ठिकाणावरून ‘जवळचा पेट्रोल पंप कोणता’ या प्रश्नाचे उत्तर उपयोगाचे मिळणार नाही. विरळ वस्तीत राहणाऱ्याला तेवढ्याच खासगीपणासाठी सोयीची कितीतरी जास्त किंमत मोजावी लागते, ही गोष्ट ‘के’च्या आकड्यात कोठेच दिसत नाही. तुलनेसाठी एक नोंद : जीवजातींची निरीक्षणे गोळा करणारे ‘आयनॅचरलिस्ट’ हे व्यासपीठ धोक्यातील जातींचे ठिकाण ०.२ अंश लांब व ०.२ अंश रुंद चौकोनात लपवते. आपल्या अक्षांशावर हा चौकोन साडेचारशे चौरस किलोमीटरहून मोठा होतो. दुर्मीळ वनस्पतीला चोरांपासून वाचवायला एवढा आडोसा आवश्यक वाटतो, हे विचार करण्याजोगे आहे.

गर्दीच्या पट्टीतील खरा दोष याहून खोल आहे. समजा, पाथर्डी तालुक्यातील दहा कोयत्यांची, म्हणजे वीस माणसांची ऊसतोड टोळी आहे. मुकादमाकडून उचल घेतली आहे. हंगामात ती टोळी ठरलेल्या कारखान्याऐवजी दुसरीकडे गेली, असा मुकादमाला संशय आहे. वीस फोनांच्या नोंदी निनावी करून ‘ही नोंद या विसांपैकी कोणाची तरी आहे’ असे सांगितले, तर ‘के’ वीस झाला. मुकादमाला त्याचे काय? त्याला टोळी हवी आहे, एकटादुकटा मजूर नव्हे. आणि टोळीच्या कोप्या कोणत्या फडाजवळ पडल्या आहेत हे त्याला कळून चुकले. ‘के’ वीस, खासगीपणा शून्य. रामनवमीला शिर्डीत लोटलेल्या गर्दीत ‘के’ लाखांत जाईल. पण आपण शिर्डीला गेलो होतो हीच गोष्ट ज्याला लपवायची आहे, त्याच्या दृष्टीने तो लाखाचा आकडा निरुपयोगी आहे. ‘कोण’ हे लपवणारी पट्टी ‘कोठे’ हे मोजू शकत नाही. शोक्री आणि सहकाऱ्यांचा या पट्टीवरील मुख्य आक्षेप याच जातीचा असून तो मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी पट्टी : संभ्रम

दुसरी पट्टी माहितीशास्त्रातील एन्ट्रॉपीची. माग काढणाऱ्याच्या मनात किती पर्याय शिल्लक आहेत आणि त्यांची संभाव्यता किती सारखी आहे, यावरून त्याचा संभ्रम बिटमध्ये मोजतात. दोन समसंभाव्य पर्याय म्हणजे १ बिट, चार म्हणजे २ बिट, आठ म्हणजे ३ बिट. बिट जास्त तर खासगीपणा जास्त, असा हिशेब.

दोन प्रसंग कल्पू. पहिल्यात माग काढणाऱ्याने आपल्याला एका वस्तीपर्यंत गाठले आहे. पन्नास मीटरच्या आत आठ घरे आहेत, त्यांपैकी कोणत्या घरात आपण आहोत हे त्याला ठाऊक नाही. संभ्रम ३ बिट. दुसऱ्यात आपण एकमेकांपासून ४० किलोमीटरवर असलेल्या दोन गावांपैकी एकात आहोत, एवढेच त्याला ठाऊक आहे. संभ्रम १ बिट. पट्टी सांगते की पहिल्या प्रसंगी आपण अधिक सुरक्षित! वस्तीवर येऊन आठ दारे ठोठवायला पाच मिनिटे लागतात, हे पट्टीला कळत नाही. उलटही होऊ शकते. माग काढणारा शंभर टक्के खात्रीने चुकीच्या गावी जाऊ शकतो. त्याचा संभ्रम शून्य, आपण मात्र निर्धास्त. संभ्रम ही माग काढणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे. आपण कोठे आहोत याच्याशी तिचा संबंध असेलच असे नाही.

तिसरी पट्टी : माग काढणाऱ्याची चूक

येथे २०११ च्या निबंधाचे खरे योगदान येते. त्याचे म्हणणे असे : माग काढणाऱ्याच्या अंदाजाला तीन बाजू असतात. तो अंदाज त्याने कितपत नेमका बांधला आहे, त्याला त्याची कितपत खात्री आहे, आणि तो सत्यापासून किती दूर आहे. पहिल्या दोन त्याच्या अडचणी आहेत. आपल्या खासगीपणाचे माप म्हणजे तिसरी : त्याच्या अंदाजातील अपेक्षित चूक. मघाचे दोन प्रसंग पुन्हा घेऊ. आठ घरांच्या वस्तीत त्याने कोणतेही घर निवडले तरी चूक पन्नास मीटरच्या आत राहते. दोन गावांच्या प्रसंगी त्याने एक गाव निवडले, तर निम्म्या वेळा चूक शून्य आणि निम्म्या वेळा ४० किलोमीटर. सरासरी २० किलोमीटर. दोन्हींच्या मधला बिंदू धरला तरी २० किलोमीटरच. आता पट्टी आणि व्यवहारज्ञान यांचे उत्तर जुळते.

शाळेतल्या शिक्षकाला ही मांडणी परकी वाटू नये. विद्यार्थ्याने उत्तर किती आत्मविश्वासाने लिहिले यावर आपण गुण देत नाही. ते बरोबर उत्तराशी किती जुळते हे पाहतो. लेखकांनी हेच तत्त्व माग काढणाऱ्याला लावले. त्याचबरोबर त्यांनी आणखी एक महत्त्वाची अट घातली : माग काढणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे, ते हिशेबात धरल्याशिवाय माप काढायचे नाही. तो रिकाम्या डोक्याने येत नाही; आपण सहसा कोठून कोठे जातो याचा आराखडा घेऊन येतो. नवी नोंद त्या आराखड्याशी ताडून तो अंदाज बांधतो. या सर्व हिशेबासाठी लेखकांनी ‘लोकेशन प्रायव्हसी मीटर’ नावाची संगणकीय प्रणालीही तयार केली. संकल्पनेची स्वच्छता आणि ती राबवून दाखवण्याची तयारी या दोन्ही बाबतींत निबंध उत्तम आहे.

पट्टी बरोबर, खुणा अपुऱ्या

आता आक्षेप. पहिला आक्षेप कसोटीच्या नमुन्याचा. लेखकांनी आपली पट्टी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील वाहनांच्या नोंदींवर चालवून पाहिली. त्यासाठी २० वाहने निवडली आणि प्रदेशाचे ४० चौकोन केले. या नोंदी टॅक्सींच्या होत्या. टॅक्सी रोज वेगळ्या उतारूबरोबर वेगळीकडे जाते. माणूस तसा वागत नाही. त्याची रात्र बहुधा एकाच जागी जाते, दिवस बहुधा दुसऱ्या एका जागी. नगरहून रोज पारनेर किंवा श्रीगोंद्याच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकाची वाट आठवडाभर पाहिली, तर पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक कोणीही लिहून देईल. नमुना पद्धत दाखवण्यापुरता होता हे मान्य. पण त्यावरून मिळालेले किलोमीटर खेड्यातील माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

दुसरा आक्षेप अंतराच्या एककाचा. तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकासमोर एक इमारत आहे असे समजा; खाली झेरॉक्सचे दुकान, वर स्त्रीरोगतज्ज्ञांचे रुग्णालय, शेजारी वकिलांची कचेरी. येथे माग काढणाऱ्याची चूक वीस मीटरची झाली तरी एखाद्या मुलीच्या बाबतीत तिचा अर्थ सारे आयुष्य एवढा होऊ शकतो. याउलट मोकळ्या माळावर दोन किलोमीटरची चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. किलोमीटरला जागेचा अर्थ कळत नाही. न्यायाने सांगायला हवे की लेखकांनी अंतराची व्याख्या खुली ठेवली आहे. दोन जागा एकच असतील तर शून्य आणि वेगळ्या असतील तर एक, असेही अंतर धरता येते. पण दवाखाना आणि झेरॉक्सचे दुकान यांतील अंतर किती, हे गणिताने ठरत नाही. ते तेथे राहणाऱ्यांनाच ठरवावे लागते. निबंध या दारापर्यंत आणून सोडतो.

तिसरा आक्षेप सरासरीचा. अपेक्षित चूक ही सरासरी आहे. आपल्या जिल्ह्यात सरासरीचा धडा पाऊसच शिकवतो. घाटघर-रतनवाडीला पावसाळाभर आभाळ कोसळत असते आणि जामखेड-कर्जतचा शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो. दोन्ही मिळून काढलेली जिल्ह्याची सरासरी यांच्यापैकी एकाच्याही शेतात पडत नाही. ‘या व्यवस्थेत माग काढणाऱ्याची चूक सरासरी पाच किलोमीटर’ असे म्हटले, तर राहुरीच्या बाजारपेठेतल्या माणसासाठी आणि डोंगरावर एकट्या राहणाऱ्या परिचारिकेसाठी ती पाच किलोमीटरच असेल असे कोणी समजू नये. मापाबरोबर सर्वांत कमी संरक्षण कोणाला मिळाले, हा आकडा देणे बंधनकारक असले पाहिजे.

चौथा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. निबंधातला माग काढणारा हा दूर बसलेला, नोंदी आणि गणित हाती असलेला कोणीतरी आहे. आपल्याकडे माग काढणारा पुष्कळदा जवळचा असतो : मुकादम, वरिष्ठ, सासरचे, गावातला कोणी. त्याच्याकडे गणित नसते. पूर्वज्ञान मात्र असे असते की कोणत्याही केंद्राला ते मिळणार नाही. ‘सकाळी सातला वस्तीवरून निघून आठला शाळेच्या गावी’ अशी एक निनावी नोंद त्याच्या हाती पडली की नाव सांगायला त्याला दुसरी नोंद लागत नाही. म्हणून ‘खासगीपणा किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. केंद्रातल्या अनोळखी माणसापासून किती आणि ओळखीच्या माणसापासून किती, अशी किमान दोन उत्तरे मागितली पाहिजेत. लेखकांची पद्धत हे करू शकते, कारण पूर्वज्ञानासाठी तिच्यात जागा आहे. ती जागा गावाच्या ज्ञानाने भरण्याचे काम आपले आहे.

हा केवळ पंडिती वाद नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल अॅपवर, ठिकाणाची खूण असलेल्या छायाचित्रांसह, दिवसातून दोनदा घेणे देशभर सक्तीचे करण्यात आले. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची वाट दाखवली, तेथील मजुरांनाही ते लागू झाले. बनावट हजेरी थांबावी हा हेतू रास्त आहे. पण हजेरीसाठी किती नोंदी पुरेत आणि त्या किती दिवस ठेवाव्यात, हा प्रश्न मापाचा आहे, आणि माप हाती नसले की उत्तर आज्ञेने दिले जाते.

माप विचारले की काय होते, याचे एक उदाहरण देशासमोर आहे. एका आरोपीला जामीन देताना गूगल नकाशावर आपल्या ठिकाणाची खूण तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, ही अट घालण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने अशा खुणेतून नेमके काय कळते, हे गूगलकडूनच मागवले. ती खूण टाकणे सर्वस्वी वापरणाऱ्याच्या हाती असते आणि तिच्यामुळे त्याच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येत नाही, असे शपथपत्रावरून स्पष्ट झाले. ८ जुलै २०२४ च्या निकालात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने ती अट रद्द केली. आणि आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट जामिनासाठी घालता येणार नाही, असेही सांगितले. जे साधन माग काढण्यासाठी म्हणून लादले होते, ते माग काढीतच नव्हते. विचारल्यावाचून हे कळले नसते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

नववी-दहावीच्या वर्गात ही तिन्ही मापे एका तासात काढता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याने एका काल्पनिक व्यक्तीच्या आठवड्याच्या दहा नोंदी लिहाव्यात : वार, तास आणि तालुक्याच्या नकाशावर आखलेल्या चौकोनाचा क्रमांक. खऱ्या घरच्या किंवा वर्गमित्रांच्या नोंदी मुळीच वापरू नयेत. प्रयोगाचा विषयच तो आहे. नावे वेगळ्या कागदावर ठेवून सर्व याद्या फळ्यावर लावाव्यात. मग पाच जणांच्या गटाला एका व्यक्तीच्या दहांपैकी एक नोंद सांगावी आणि तिच्याशी जुळणाऱ्या याद्या मोजाव्यात. हा झाला ‘के’. दुसरी, तिसरी, चौथी नोंद सांगत ‘के’ किती झपाट्याने घसरतो, याचा आलेख काढावा. नंतर चार चौकोनांचा एक मोठा चौकोन करून हेच पुन्हा करावे. शेवटी गटाला ती व्यक्ती अमुक वेळी कोठे असेल याचा अंदाज करायला सांगून नकाशावर चुकीचे अंतर मोजावे आणि त्याची सरासरी व किमान किंमत, दोन्ही फळ्यावर लिहाव्यात. निम्म्या गटांना ‘ही व्यक्ती दूध घालायला जाते’ एवढी एक जादा माहिती द्यावी, म्हणजे पूर्वज्ञानाचे वजन मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

या प्रयोगानंतर एखाद्या अॅपवर किंवा परिपत्रकात ‘आपले ठिकाण सुरक्षित आहे’ असे वाक्य दिसले, तर विद्यार्थी चार प्रश्न विचारू शकतील : कोणापासून सुरक्षित? त्याला आधीच काय माहीत आहे असे धरले आहे? किती नोंदी, किती दिवस ठेवणार? आणि सर्वांत कमी संरक्षण मिळणारा माणूस कोण, त्याचे माप किती? शोक्री आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने यांतील पहिल्या दोन प्रश्नांना शास्त्रात जागा मिळवून दिली, हे त्याचे श्रेय. उरलेल्या दोहोंची उत्तरे सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींकडून मिळणार नाहीत; ती अकोले, पाथर्डी आणि जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरच मोजावी लागतील. त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही.